वजूचं पाणी कुठून येतं

प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात वजू, म्हणजे नमाजाआधीची हातपाय-तोंड धुण्याची शुद्धी, करत आणि चार, फार तर पाच मुद्द पाण्यात आंघोळ उरकत, असं त्यांचे सेवक अनस यांनी सांगून ठेवलं आहे. मुद्द म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची भरलेली ओंजळ. आजच्या मापात पाऊण लिटरलाही थोडं कमीच. माझ्या दादीला हदीसचे, म्हणजे प्रेषितांच्या वचनांचे आणि आठवणींचे ग्रंथ वाचता येत नव्हते, पण तिचा वजू एका बधन्यात, म्हणजे तोटीच्या तांब्यात व्हायचा, आणि पाय धुतलेलं पाणी पपईच्या आळ्यात जायचं. चैत्रात विहिरीचा तळ दिसू लागला की ठाणे जिल्ह्यातल्या आमच्या शहापुरात काटकसर शिकवायला मौलवी लागत नाही.

आमच्या तालुक्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो आमच्या उन्हाळ्यातल्या टँकरवर विश्वास ठेवणार नाही. पण खाली काळा कातळ आणि वर उतार. सह्याद्रीवरून आलेलं पाणी भातसा, तानसा, वैतरणेतून आणि शेजारच्या मुरबाडच्या बाजूला काळू, शाई नद्यांतून चार महिन्यांत निघून जातं. कातळात फार थोडं मुरतं. म्हणून इथे पाण्याचा प्रश्न पहिल्यापासून साठवण्याचा आहे, आणि साठवलेलं पाणी आलं की ते कुणाचं, हा प्रश्न मागोमाग येतोच.

मी शाळेत इतिहास शिकवत निवृत्त झालो. अब्बा मुंबईला जाणाऱ्या तानसाच्या पाइपलाइनवर चावीवाले होते. दिवसभर ते मुंबईचं पाणी सोडायचे नि बंद करायचे, आणि मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाला, घरी येऊन विहिरीच्या पाण्याने वजू करायचे. माझा इतिहास त्या दोन पाण्यांच्या मधोमध सुरू होतो.

साठवणुकीची रीत इथे इस्लामच्या किती तरी आधीची. मुरबाडच्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून जा. वरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि आसपास कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे माल नेणाऱ्या व्यापाऱ्यांची तहान त्या टाक्यांवर भागायची. शहापूरच्या माहुली गडावरही टाकी आहेत आणि नमाजगिरीचे, म्हणजे नमाजाच्या जागेचे, अवशेषही. 1636 साली शहाजीराजे निजामशाहीच्या बालराजाला घेऊन याच गडावर वेढ्यात अडकले आणि तिथेच निजामशाही संपली. वेढ्यातल्या गडावर दाणागोटा पुरेल, पण टाकं आटलं की सगळं संपतं. हे हिंदू शिपायालाही ठाऊक होतं आणि मुसलमान शिपायालाही.

इस्लाम जन्मला तोच पाण्याला पारख्या मुलखात, त्यामुळे त्याच्या कायद्यात पाण्याला मोठी जागा मिळाली. साद नावाचे सहाबी, म्हणजे प्रेषितांचे सोबती, वजू करताना पाणी सांडत होते, तेव्हा प्रेषितांनी त्यांना हटकलं आणि वाहत्या नदीकाठी बसला असलात तरी उधळपट्टी करू नका, असं बजावलं. ही हदीस आज मशिदीमशिदीत नळांच्या वर चिकटवलेली दिसते. हिची सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, कमजोर आहे, असं काही हदीसतज्ज्ञ म्हणतात. आशयावर मात्र वाद नाही. ठाणे जिल्ह्यातले कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. शाफई फिकहमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, दोन कुल्ले, म्हणजे सुमारे दोनशे लिटर पाणी एका जागी साठलेलं असेल, तर रंग, वास किंवा चव बदलल्याशिवाय ते नापाक, म्हणजे अशुद्ध, होत नाही. एकाच हौदावर गावाचा वजू कसा होई, त्याचं उत्तर या नियमात आहे.

मुंबईची जामा मशीद तर तळ्यावरच उभी आहे. शेख मेमन स्ट्रीटवरची ही जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची होती. तिथे बाग होती आणि मोठं तळं. 1775 ते 1802 या काळात मशीद बांधली गेली, आणि तिच्या कमानी त्या तळ्यातूनच वर उठवल्या. तळ्याला जिवंत झरे. म्हणजे तेव्हा मुंबईचा वजू मुंबईच्याच पाण्यात होत असे.

मग शहर फुगलं. 1860 साली विहार तलावाचं पाणी आलं, 1879 साली तुळशीचं. तेही पुरेना, म्हणून 1892 साली आमच्या तानसा नदीवर दगडी धरण पुरं झालं. सुमारे 2.8 किलोमीटर लांबीची ती भिंत त्या काळात नवलाची होती. तिथून भिवंडीच्या बाजूने, शंभरेक किलोमीटरची वाट काढत पाइप मुंबईत शिरले. 1911 साली डॉक्टर बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला. डास विहिरींत आणि टाक्यांत वाढतात, हे कळल्यावर शहरातल्या शेकडो विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. पारशांनी आणि हिंदूंनी धर्मासाठी विहिरीचंच पाणी हवं म्हणून हरकती घेतल्या. पण हळूहळू सगळ्यांचं धर्मकार्य नळाच्या पाण्यावर आलं. मुंबईतल्या मशिदीचा वजू शहापूरच्या पावसावर होऊ लागला, तो असा.

पुढचा इतिहास त्याच रेषेचा. 1957 साली वैतरणेवर मोडकसागर. 1980च्या दशकात भातसा, 88 मीटर उंचीचं. 2014 साली मध्य वैतरणा. भातसाचं पाणी नदीतूनच वाहत खाली येतं आणि भिवंडी तालुक्यात पिसे येथे उचललं जातं. मुंबईला रोज मिळणाऱ्या सुमारे 385 कोटी लिटरांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. आणि आमच्याच शहापूर तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. कातकरी, ठाकर, महादेव कोळी बाया कोरड्या विहिरीत उतरून वाटीने हंडा भरतात. आता शहापूरच्या गावांसाठी नाशिक जिल्ह्यातल्या भावली धरणातून पाणी आणायची योजना आहे. आपलं पाणी खाली पाठवायचं आणि दुसऱ्या जिल्ह्याचं मागवायचं! मुरबाडमध्ये काळू नदीवर धरण सुरू झालं होतं. वनखात्याची परवानगी नसताना काम चालल्याने, श्रमिक मुक्ती संघटना कोर्टात गेल्यावर, 2012 साली मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवलं. त्यात गावांबरोबर सुमारे हजार हेक्टर जंगल बुडणार होतं.

पर्यावरणावरचं बयान, म्हणजे प्रवचन, आजकाल आमच्या मशिदींतही होतं. मौलानासाहेब सादची हदीस सांगतात, कयामत दिसत असली तरी हातातलं रोप लावून टाका, ही दुसरी सांगतात, आणि नळ बंद करायला सांगून थांबतात. काटकसर चांगलीच. पण या शिकवणीचा दुसरा अर्धा भाग वाट्याचा आहे, आणि तो कुणी सांगत नाही.

मदिनेत जुबैर या सहाबींचा आणि एका अन्सारीचा, म्हणजे मदिनेतल्याच मुसलमानाचा, पाटाच्या पाण्यावरून तंटा झाला. जुबैर यांचं शेत वरच्या अंगाला होतं. प्रेषितांनी आधी समजुतीचा तोडगा दिला: तुझं भिजवून घे आणि शेजाऱ्याकडे सोड. अन्सारी म्हणाला, तो तुमचा आतेभाऊ ना, म्हणून! तेव्हा प्रेषितांनी पुरा हक्क सांगितला: पाणी बांधाच्या मुळाशी पोचेपर्यंत अडव, मगच सोड. फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्रींनी, यावरून नियम काढला की वरच्याचा हक्क आधी, पण गरजेपुरता. उरलेलं अडवायचं नाही. पाणी, चारा आणि आग यांत सगळे भागीदार आहेत, ही हदीसही त्याच शिकवणीतली. मदिनेतली रूमाची विहीर विकत घेऊन सहाबी उस्मान यांनी ती सगळ्यांसाठी वक्फ, म्हणजे कायमची दान, केली, ती याच समजुतीने.

मुंबई म्हणेल, धरण आम्ही बांधलं, पाइप आमचे, पैसा आमचा. फिकह त्याचाही विचार करून बसलं आहे. भांड्यात भरून घेतलेलं पाणी भरणाऱ्याचं होतं. विहीर खणणाऱ्याचा हक्क पहिला. पण तहानेचा हक्क त्याहून वर: आपली गरज भागल्यावर विहिरीचं उरलेलं पाणी तहानलेल्या माणसाला आणि त्याच्या जनावराला नाकारता येत नाही. 1876 साली पुऱ्या झालेल्या उस्मानी तुर्कांच्या ‘मजल्ला’ या कायद्याच्या संहितेतही हा तहानेचा हक्क लिहून ठेवला होता. त्याच्या सोळा वर्षांनी तानसा भरलं.

आता हिशेब करू. मुंबईतल्या सगळ्या मशिदींनी एका मुद्दवर वजू केला, तरी 385 कोटी लिटरांत ते पाणी दिसणारही नाही, आणि वाचलेला थेंब उलटा चढून माहुलीखालच्या पाड्यावर येणार नाही. म्हणून केवळ नळ बंद करण्याचा उपदेश मला अपुरा वाटतो. त्याने आपलं मन तेवढं स्वच्छ होतं. आमच्या तालुक्यातून मुंबईला शिकायला आणि कामाला गेलेल्या पोरांना मी सांगतो: वजू मोजून करा, कारण ती सुन्नत, म्हणजे प्रेषितांची रीत, आहे, आणि मग पाणी वाटणाऱ्यांना विचारा की वरच्या गावांचा वाटा कुठे आहे, कारण तो हक्क आहे. हा हक्क मागायला मुसलमान असावं लागत नाही. काळूकाठच्या आदिवासींनी तो कुठलीही हदीस न ऐकता मागितला, आणि कोर्टाने त्यांचं ऐकलं.