चालते मूल : घरातील व फडावरील सुरक्षितता

नुकत्याच चालू लागलेल्या, साधारण १ ते ३ वर्षांच्या मुलाला होणारे नित्याचे अपघात आणि ते टाळण्याची तजवीज. या वयात मूल हात पुरेल तिथवर पोचते आणि हाती येईल ते तोंडात घालते. धोक्याची समज मात्र आलेली नसते. त्यामुळे बजावून ठेवणे हा उपाय बाद ठरतो. वस्तू दूर ठेवणे आणि कोणीतरी लक्ष ठेवणे, एवढेच हाती राहते. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातले युसूफ वडगाव हे ऊसतोड कामगारांच्या पट्ट्यात येते. या पट्ट्यातील पुष्कळ मुलांचे हे वय काही महिने घरी आणि काही महिने परमुलखातल्या ऊसतोडीच्या फडावर जाते, म्हणून दोन्ही जागांचा विचार करावा लागतो.

घर : टंचाईच्या मुलखात पाणी साठवलेले असते, हौदात, बॅरलमध्ये, बादल्यांत. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत डोकावले की तोल पुढे जातो, आणि स्वतःला मागे रेटण्याचे बळ हातांत नसते. बुडण्यास पाचेक सेंटिमीटर पाणीही पुरते. बहुधा ओरड ऐकूच येत नाही. दृष्ट लागू नये म्हणून तीट न चुकता लावली जाते. हौदावर झाकण टाकायचे तेवढे राहून जाते.

बालाघाटाचे सीताफळ ही बीडची ख्याती. त्याला भौगोलिक मानांकनही आहे. पण गर चोखताना गुळगुळीत बी सर्रकन घशात जाते. बिया काढून, गर कुस्करून भरवणे बरे. शेंगदाणे, फुटाणे आणि चिंचोके यांचाही धोका तोच. घास अडकून मूल गुदमरले, तर घशात आंधळेपणाने बोट घालू नये; त्याला पुढे वाकवून पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये जोराच्या पाच थापा माराव्यात.

कपाशीवर फवारायचे औषध कोनाड्यात आणि रॉकेल पाण्याच्या जुन्या बाटलीत ठेवणे हा तर आमंत्रण देण्याचा प्रकार होय. औषधाच्या डब्यावरील लाल त्रिकोण म्हणजे अतितीव्र विष. रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करवू नये. उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरते. भाजल्यावर टूथपेस्ट, शाई वा हळद न लावता २० मिनिटे गार पाणी घालावे. नळ नसेल तर तांब्याने.

गोवऱ्यांचा ढीग, दगडी भिंत आणि जमिनीवरचे अंथरूण ही विंचवाची ठिकाणे. लाल विंचवाच्या दंशाने मुलाला दरदरून घाम येतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. त्यावर रक्तदाबाचे प्राझोसिन हे औषध १९८० च्या दशकात महाडला वापरात आणणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातील देहेडचे. मंत्र-उताऱ्यात तास घालवल्यास त्या औषधाचाही फायदा कमी होतो.

फड : नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल (आगाऊ रक्कम) दोघांनी घेतलेली असते आणि ऊसही दोघांनीच तोडायचा असतो. मुलाकडे बघायला तिसरे माणूस या हिशेबात नाही. मूल पाचटावर साडी अंथरून निजवतात. मोळ्या भरण्यासाठी ट्रॅक्टरची ट्रॉली मागे येते, तेव्हा चालकाला पाचटाच्या रंगात मिसळलेले ते गाठोडे दिसत नाही. धारेचा कोयता, बैलगाडीचे चाक, कोपीबाहेरची (झोपडीबाहेरची) चूल, शेजारची विहीर हे धोके आहेतच. जुन्नर-आंबेगाव भागात उसात राहणाऱ्या बिबट्याची भर पडते.

आजवर ही राखण बहुधा सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे राहिली. तिची शाळा सुटू नये म्हणून गावातच हंगामी वसतिगृहे निघाली, आणि ते योग्यच झाले. मात्र ती शाळकरी मुलांसाठी असल्याने धाकटे फडावर जाते, तेही आता ताईविना. एका चांगल्या योजनेने उघडी पाडलेली ही फट अजून बुजलेली नाही.

कायद्याची वाट अर्धीच आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ३० हून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले होते. साखर कारखाना त्यात बसत होता. मजूर पुरवणाऱ्या मुकादमामार्फत येणारी फडावरची टोळी मात्र त्याच्या फाटकाबाहेरच राहिली. याउलट २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात कामावर पाच वा अधिक लहान मुले आली, तर एका बाईला त्यांच्या राखणीवर नेमून तिला मजुरी देण्याची तरतूद होती. टोळीतल्या एका बाईला कोयत्याऐवजी हे काम देणे तितकेच सोपे आहे. अडते ते तिची मजुरी कारखान्याने द्यायची की मुकादमाने, यावर.

तातडीच्या प्रसंगी राज्यात कुठूनही १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. युसूफ वडगावकरांना मोठ्या उपचारांसाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय जवळचे आहे. फडावरून फोन करताना जवळचे गाव, शिवार आणि शेतमालकाचे नाव सांगता यावे, म्हणून टोळी उतरताच ते विचारून ठेवावे.