कर्जत-खालापुराकडील गुन्ह्यांचें स्वरूप

कर्जत व खालापूर या भागांत ठाकुरवाडी नांवाची वस्ती एकच नाहीं. डोंगराच्या पदरास ठाकरांचीं दहावीस घरें असलीं कीं तीस ठाकुरवाडी म्हणावें, अशी येथील वहिवाट आहे. अशा मुलखांतील गुन्ह्यांचा इतिहास पाहतांना आम्हांस प्रथम एक प्रश्न पडतो : गुन्हे वाढले, कीं गुन्ह्यांची व्याख्या वाढली?

एकोणिसाव्या शतकांत आरंभीं ठळक दिसतो तो दरोडा. राघोजी भांगरे याच्या कोळी टोळीनें घाटमाथा व कोंकण दोन्ही हालवून सोडलीं. तिचा रोख सावकारांवर होता. राघोजीस १८४८ सालीं ठाण्यास फांशी दिलें. पुढें १८७९ च्या मे महिन्यांत वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडांतील दौलतराव नाइकानें पनवेलजवळचीं पळस्पें व चिखली हीं गांवें लुटलीं. ह्या गोष्टी प्रसिद्धच आहेत.

आमच्या मतें खरा पालट झाला तो त्याआधींच्या वर्षीं. १८७८ सालीं जंगलचा कायदा झाला, आणि त्याच सालीं मुंबई इलाख्याचा अबकारी कायदाहि. भाताच्या रोपासाठीं जमीन भाजावयास टहाळ तोडणें, म्हणजे राब करणें, ही पिढीजाद शेती होती. राखीव रानांत तीच चोरी ठरूं लागली. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील ओरड एवढी वाढली कीं १८८५ सालीं सरकारास जंगल-कमिशन नेमावें लागलें. तरी १८९२ सालीं याच दोन जिल्ह्यांसाठीं मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा निराळा कायदा आलाच. दारू चोरून गाळूं नये म्हणून फूलच बाळगूं नये, असा हा न्याय! मोहाचें फूल गरिबाच्या पोटासहि लागतें, हें कायदा करणारांस ठाऊक नव्हतें असें आम्हांस वाटत नाहीं.

१८८२ च्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत (कर्जत तेव्हां त्याच जिल्ह्यांत होतें) कातकऱ्यांस चोरटे म्हणून नांवें ठेविलीं आहेत. खैराचा कात काढणें हा ज्यांचा नांवासकट धंदा, त्यांचा खैरच राखीव झाला. अशा दप्तरांवरून एका जातीचा स्वभाव ठरविणें हें संशोधन नव्हे. कोणत्या सालीं कोणता कायदा होता हें आधीं पाहावें, मग गुन्ह्यांचे आंकडे मोजावे.

याच मुलखांत १९४२ च्या चळवळींत विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे नायक, माथेरानचे भाई कोतवाल, हे सरकारदरबारीं फरारी गुन्हेगार होते. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारांत ते व हिराजी पाटील पडले. त्याच तिथीस तेथें आतां दरवर्षीं हुतात्म्यांस वंदन होतें.