रोखा कोणी फाडायचा?

कोलकात्याच्या मैदानावरच्या फोर्ट विल्यमला लष्कराने 'विजयदुर्ग' हे नाव दिले, तेव्हा आपल्याकडे कित्येकांची छाती फुगली. सिंधुदुर्गातल्या किल्ल्याचे नाव हुगळीच्या काठावर गेले, यात आनंद मानायला माझीही हरकत नाही. पण त्या आनंदाच्या आडून एक जुने मत पुन्हा उजळ माथ्याने फिरू लागले आहे. व्याख्यानांत ते ऐकू येते, दिवाळी अंकांत छापून येते आणि एरवी पुरावा मागणारी माणसेही त्याला मान डोलावतात.

मत असे. मराठीत ख्रिस्ती प्रार्थना आली ती याच किल्ल्यातून. फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीचा पगार खाणाऱ्या विल्यम कॅरीने बायबल मराठीत आणले, तोफांच्या आडोशाने ते वाटले गेले, आणि 'क्षमा करा, शांतीने राहा' ही गुटी जिंकलेल्यांना पाजली गेली. हेतू एवढाच की त्यांनी जिंकणाऱ्यांना जाब विचारू नये.

पूर्वपक्ष आधी पुरता मांडावा, ही आपल्या वादाची जुनी शिस्त. म्हणून या मताच्या बाजूचे जे आहे ते मीच मांडतो. गव्हर्नर-जनरल वेलस्लीने 1800 साली हे कॉलेज काढले. 1801 पासून कॅरी तेथे शिकवू लागला, दरमहा पाचशे रुपयांवर. बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही त्याच्याकडे आली. 1803 मध्ये इंग्रज आणि मराठे असईला लढले. 1805 साली कॅरीचे मराठी व्याकरण निघाले आणि त्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमानही. 1810 ला मराठीचा कोश, 1811 ला नवा करार. एका हाताने मुलूख घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने भाषा, असे कोणाला या सनावळीतून दिसले तर त्याला वेड्यात काढता येणार नाही. अधिकारी तयार करायला मराठी शिकवली जात होती, धर्मासाठी नव्हे, हेही तितकेच खरे.

आता उत्तर.

कंपनी सरकारला मिशनऱ्यांचे प्रेम नव्हते, उलट धास्ती होती. धर्मात हात घातला की शिपाई बिथरतील आणि व्यापार बुडेल, हा तिचा हिशेब. म्हणून कॅरी आणि त्याचे सोबती मार्शमन व वॉर्ड कंपनीच्या हद्दीत राहिलेच नाहीत. हुगळीच्या वरच्या अंगाला असलेल्या डेन्मार्कच्या ताब्यातल्या सेरामपूरला त्यांनी बिऱ्हाड केले आणि छापखानाही तेथेच थाटला. 1806 साली वेल्लोरला शिपायांनी बंड केले, त्यानंतर तर संशय इतका वाढला की पुढच्या वर्षी मिंटोच्या सरकारने सेरामपूरचा छापखाना कलकत्त्यात, म्हणजे आपल्या नजरेखाली, आणायला फर्मावले. तो हुकूम पुढे सैल झाला, ती गोष्ट वेगळी. कॉलेजातही कॅरीला आधी प्राध्यापक म्हणत नसत, नुसता शिक्षक म्हणत. कारण तो बॅप्टिस्ट होता आणि प्राध्यापक चर्च ऑफ इंग्लंडचाच हवा, असा नियम होता. तोफांच्या आडोशाला असलेल्या माणसाला तोफवाले इतक्या लांब का उभे करतात?

याहून बोलका दाखला आपल्या मुंबईचा आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे अमेरिकन मिशनरी 1812 च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यात उतरले. सरकारने त्यांना देश सोडून जायला सांगितले. ते मुंबईला निसटले, 1813 च्या फेब्रुवारीत पोहोचले, तर कलकत्त्याचा हुकूम त्यांच्या मागोमाग मुंबईत हजर. त्यांनी कोचीनकडे पळ काढला. तेथून त्यांना परत आणले. शेवटी हॉलने मुंबईचे गव्हर्नर नेपियन यांना विनवण्या करकरून राहण्याची परवानगी मिळवली. ज्या अमेरिकन मराठी मिशनने पुढे अहमदनगरला शाळा काढल्या आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्या उभ्या केल्या, त्या मिशनचा जन्म असा फोर्ट विल्यमच्या हद्दपारीच्या हुकुमाखाली झाला. हॉल 1826 साली नाशिककडच्या एका खेड्यात पटकीने गेला. तोफेचा आधार असलेला माणूस असा मरत नाही.

किल्ल्यात प्रार्थना होत होती, नाही कोण म्हणतो? आत सेंट पीटर्स चर्च होते. आज तेथे जवानांचे ग्रंथालय आहे. पण ती प्रार्थना इंग्रजी पलटणीची होती. मराठी प्रार्थनेचा तिच्याशी संबंध नाही.

मग मराठी प्रार्थना कोणाची? येथे आपण कॅरीचे नाव घेतो आणि पंडित वैजनाथांना विसरतो. कॉलेजात मराठीचे पंडित तेच. कोश करताना त्यांचा आधार घेतल्याचे कॅरीने स्वतःच नोंदवले आहे. सिंहासनबत्तिशी आणि हितोपदेश ही सेरामपूरला छापलेली मराठी पुस्तकेही त्यांच्याच हातची. कोशातले मराठी शब्द चक्क मोडीत छापले, त्यासाठी मोडीचे खिळे पाडले. एक मराठी शास्त्री कलकत्त्याच्या उकाड्यात बसून एका मोची इंग्रजाला (कॅरी मूळचा मोची, आणि ते तो लपवत नसे) आपली भाषा सांगतो आहे; हे चित्र गुटी पाजण्याचे आहे की शिकवणीचे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

आणि गंमत म्हणजे सेरामपूरचे मराठी टिकलेच नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला ते परके वाटे, नागपुरी वळणाचे वाटे. मुंबईच्या मंडळींनी नव्याने भाषांतर केले, 1826 ला नवा करार आणि 1847 ला संपूर्ण बायबल. पुढे त्यालाही किती हात लागले. चिपळूणकरांनी निबंधमालेत मिशनरी मराठीची यथेच्छ टर उडवली. ती टर बरीचशी रास्त होती, असे माझे मत आहे. पण ज्या मराठीची टर उडते, ती लोकांच्या तोंडी बसत नाही. तोंडी बसली ती दुसरी मराठी.

ती फोर्ट विल्यमच्या आधीचीही आहे. कलकत्ता शहर अजून वसलेही नव्हते, तेव्हा, 1616 साली, गोव्यात फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, लिपी रोमन, वळण आपल्या पुराणांचे. कोणी म्हणेल, तेथेही सत्ता होतीच, इन्क्विझिशन होते. होते. 1583 ला कुंकळ्ळीत जेझुइट मारले गेल्यावर पोर्तुगीजांनी गावकऱ्यांवर जो सूड उगवला, त्यात क्षमेचा लवलेश नव्हता. गोव्याच्या बाबतीत पूर्वपक्षाचे पारडे जड आहे, हे मी मान्य करतो. पण मग मत गोव्याबद्दल मांडा. फोर्ट विल्यमच्या गळ्यात ते घालू नका.

आता मूळ मुद्द्याला येतो, कारण खरा घोटाळा 'क्षमा' या शब्दात आहे. हे मत मांडणारे क्षमेला मवाळ गोष्ट समजतात, झाले गेले विसरून जा अशी. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत जे मराठी शास्त्र वाचतात, त्यात मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूने शिकवलेली प्रार्थना आहे. तेथे मागणे पापाचे नाही, अपराधाचेही नाही. शब्द आहे 'ऋण'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही देणेच. लूकच्या पाठात पाप येते, पण लगेच पुढे तोही देणेकऱ्यांवरच येतो. इंग्रजी बायबलाच्या मत्तयातही देण्याचाच शब्द आहे. पण चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकाने लोकांच्या तोंडी जो पाठ रुळवला, त्यात तो राहिला नाही, तेथे आगळिकीचा, हद्द ओलांडण्याचा शब्द आला. किल्ल्यातली पलटण रविवारी आगळिकीची माफी मागत होती. मराठी माणसाच्या तोंडी मात्र कर्ज आले.

मराठी कानाला कर्ज म्हणजे काय, हे सांगायला नको. सावकाराची वही, अंगठा, व्याजाचे व्याज, गहाण पडलेले शेत. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांतून वह्या-रोखे काढून त्यांनी त्यांची होळी केली. दंगा पुणे-अहमदनगर भागातल्या गावांत पसरला, पण भर माणसे मारण्यावर नव्हता. त्यांना रक्त नको होते, कागद हवा होता. कागद जळला की देणे मिटले, इतका त्या कागदाचा धाक. ज्या मुलखात ही आठवण ताजी होती, त्याच मुलखातल्या मंडळ्यांत दर रविवारी म्हटले जात होते की आमचा रोखा फाड. आणि त्याच दमात: आम्हीही आमच्या देणेकऱ्यांचा फाडला आहे.

ही दुसरी बाजू पूर्वपक्षवाल्यांनी वाचलेलीच नाही. येथे मागणारा माणूस एकाच वेळी कूळही आहे आणि सावकारही. मत्तयातच पुढे एका चाकराची गोष्ट आहे. त्याचे दहा हजार तालांतांचे, म्हणजे सात जन्मांत न फिटणारे, देणे धन्याने सोडून दिले, आणि त्याने बाहेर पडताच शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. धन्याने त्याला परत बोलावून तुरुंगात टाकले. क्षमेची शिकवण जितांना गप्प बसवायला रचली असती, तर तिच्यात ही गोष्ट कोणी ठेवली असती का? तिचा चटका ज्याच्या हाती वही आहे त्याला जास्त बसतो. सारा वसूल करणाऱ्या कंपनीला तर सर्वांत जास्त. कंपनीने तो मानला नाही, हा दोष कंपनीचा.

क्षमा म्हणजे दुबळेपणा नव्हे, याचा याहून चांगला पुरावा मला पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसतो, आणि त्याची सुरुवातही कलकत्त्यातच होते. 1878 साली रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास तेथे पोहोचले. आई-वडील दुष्काळाच्या उपासमारीत गेलेले. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' ठरवले. त्याच दिवसांत कोणी त्यांना ख्रिस्ती मंडळींच्या एका बैठकीला नेले. चहा-बिस्किटे आली, कलियुग अवतरले म्हणतात ते हेच, असे या भावंडांना वाटले. मग एकाने पुस्तकातून काही वाचले आणि सगळे आपापल्या खुर्चीपुढे गुडघे टेकून, डोळे मिटून बोलू लागले. समोर मूर्ती नाही, काही नाही. तेव्हा ही माणसे खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असे वाटल्याचे रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात लिहिले आहे. निघताना हाती एक संस्कृत बायबल मिळाले. ते काही लगेच उमगले नाही.

या बाईला कोणी गुटी पाजली? धर्मांतर केले ते पाच वर्षांनी, इंग्लंडमध्ये, आणि मग तिथल्या धर्मगुरूंशीही वाद घातला. मी पाद्र्यांची हांजी-हांजी करायला ख्रिस्ती झाले नाही, असा त्यांचा एकूण बाणा. पुण्यात त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्यांनी दुष्काळातल्या मुली गाड्या भरून आणल्या आणि केडगावला मुक्तिसदन उभे केले. आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. तिथल्याच बायका खिळे जुळवत होत्या, तिथल्याच छपाई करत होत्या. 1922 ला रमाबाई गेल्या. त्यांचे बायबल 1924 ला निघाले. खुर्च्यांची पूजा वाटली होती, तिथून येथवर त्या स्वतःच्या पायांनी चालत आल्या.

कवी नारायण वामन टिळकांचे नाव न घेता हा विषय मिटत नाही. प्रार्थना मराठी माणसाच्या ओठी बसवली ती टिळकांनी, अभंगाच्या चालीत. परदेशी मिशनचे जोखड त्यांनाही काचले, आणि 1917 साली त्यांनी 'देवाचा दरबार' हा वेगळा संसार मांडला. दोन वर्षांत ते गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन हे काव्य पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्याच लक्ष्मीबाई, ज्या नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षे त्याच्यावर रुसून, रडून, भांडून मग परतल्या होत्या. दोघांच्या तंट्यातून आणि समेटातून क्षमा जितकी कळते, तितकी दहा प्रवचनांतून कळत नाही.

खंडन करताना आपल्या बाजूच्यांनाही एक टोला द्यावा लागतो. चर्चच्या व्यासपीठावरून अधूनमधून ऐकू येते की क्षमा या देशाला बायबलाने शिकवली. हेही तितकेच पोकळ. मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू पंडित मोरभट दांडेकर यांचे 1831 मधले वाद किंवा विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांचे मिशनऱ्यांशी झालेले 1857 मधले मुंबईच्या समुद्रकाठचे वाद चाळा; क्षमा कोणत्याच बाजूला फारशी सापडत नाही.

आणि कोलकात्यात तर आपण मराठी लोक देणेकरी आहोत. 1742 पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर धाड घालत होत्या. बर्गी, म्हणजे मराठा स्वार, येतील, असे सांगून तिथल्या आया पोरांना निजवत. कलकत्त्याच्या लोकांनी धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याला मराठा डिच म्हणत. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल झाला. 1744 ला भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांना बोलणीसाठी बोलावून बंगालच्या नवाब अलीवर्दीने कापून काढले. रोखे दोन्हीकडे थकलेले होते. पण पुढे काय झाले ते पाहा. याच शहरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवाजी उत्सव झाला आणि रवींद्रनाथांनी त्यासाठी कविता लिहिली. मराठी घरातले सखाराम गणेश देऊस्कर बंगालीत 'देशेर कथा' लिहून बंगाल्यांचेच झाले. त्या वेळी कोणी कोणाला उपदेश केला नव्हता, आणि बंगालने आपली वही आमच्यासमोर आपटलीही नव्हती.

किल्ल्याच्या दक्षिणेकडच्या दाराला आता शिवाजी गेट म्हणतात. ते नाव लष्कराने दिले, बंगालने नाही. तेव्हा त्याचा पुरावा म्हणून उपयोग करण्याचा मोह मी टाळतो. पुरावा पाहिजेच असेल तर शहरात चालत फिरा. वैजनाथ पंडित कॉलेजात मराठी शिकवू लागण्याच्या थोडे आधी, 1799 साली, तो खंदक बुजवायला काढला आणि त्यावर सर्क्युलर रोड केला. आज त्याला आचार्य जगदीशचंद्र बोस रोड आणि आचार्य प्रफुल्लचंद्र रोड म्हणतात. त्यावरून बस जाते.