धुणं धुणारीची लेक



आज ऐकूया अ‍ॅना पावलोवाची हकिगत. १८८१ साली रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात ती जन्मली. आई लोकांचं धुणं धुवायची. मूल वेळेआधी झालेलं, अशक्त. तरी कुठून पैसे काढले कोण जाणे, पण आईने एकदा लेकीला बॅले बघायला नेलं. बॅले म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर तोल सांभाळत करायचा नाच. पोरीने तिथेच ठरवलं, आपण हेच करायचं.

राजाच्या नृत्यशाळेने आधी परत पाठवलं. १८९१ साली, दहाव्या वर्षी, घेतलं.

तिचे घोटे बारीक, पावलाची कमान फार उंच. सगळा भार अंगठ्यावर यायचा. बॅलेचा जोडा वरून रेशमी दिसतो, पण टोकाला कापडाचे आणि कागदाचे थर डिंकाने कडक केलेले असतात. अ‍ॅनाने त्यात चामड्याचा टणक तळ घातला, टोक चपटं केलं. काहींनी त्याला लबाडी म्हटलं. मला विचाराल तर पाय जिचे सोलतात, जोडाही तिनेच ठरवावा.

१९०६ साली ती तिथली प्रमुख नर्तिका झाली. मरणाऱ्या हंसाचा तिचा छोटासा नाच जगभर गाजला. मग तिने स्वतःची कंपनी काढली. पडदे, पोशाख, वाजवणारे, नाचणारे, सगळ्यांचा पगार तिच्या पायांवर. त्यातूनच पॅरिसजवळ रशियन अनाथ मुलींसाठी घरही चालवलं. थांबायची सोय नव्हती.

मुंबईतही ती नाचली. तेव्हा आपल्याकडे ‘चांगल्या घरची’ बाई रंगमंचावर नाचली की लोक नावं ठेवायचे. रुक्मिणीदेवी अरुंडेल तिच्या कंपनीतल्या क्लिओ नॉर्डीकडून बॅले शिकल्या. पावलोवाने त्यांना सांगितलं, तुमच्या देशातला नाच बघा. त्या भरतनाट्यमकडे वळल्या आणि १९३६ साली मद्रासला त्यांनी कलाक्षेत्र सुरू केलं. तो नाच तोवर जपला होता देवदासींनी, हेही लक्षात असू द्या. मान मात्र त्यांच्या वाट्याला कमीच आला.

जानेवारी १९३१ मध्ये, दौऱ्यावर असताना, नेदरलँड्समधल्या हेग शहरात छातीच्या आजाराने ती गेली. पन्नाशीला तीन आठवडे कमी होते. नंतर लंडनच्या एका कार्यक्रमात हंसाच्या नाचाचं संगीत वाजवलं. रंगमंच रिकामा, त्यावर नुसता दिव्याचा झोत. लोक उभे राहिले.