फकिरा

फकिरा : अण्णा भाऊ साठे (1920–69) यांची 1959 मध्ये प्रसिद्ध झालेली मराठी कादंबरी. कोल्हापूर–सांगली परिसरातील वारणेच्या खोऱ्यात ब्रिटिश अमलात होऊन गेलेल्या फकिरा या मांग समाजातील बंडखोराचे जीवन हा तिचा आधार. लेखकाचे जन्मगाव वाटेगाव (तत्कालीन सातारा, आता सांगली जिल्हा) हेच कथेचेही केंद्र आहे.

फकिराचा बाप राणोजी गावासाठी शेजारगावची जोगणी (जत्रेचा मान मिळवून देणारी देवीची पवित्र वस्तू) पळवून आणताना मारला जातो. पुढे बापाचा वैरी तावडीत सापडतो, तेव्हा फकिरा त्याचा हात तोडतो, पण जीव घेत नाही. दुष्काळात माणसे उपाशी मरू लागताच तो धान्य लुटून वाटतो. मग सरकारी खजिना लुटला जातो आणि पाठलाग सुरू होतो. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या गुन्हेगार जमाती कायद्याखालच्या सक्तीच्या हजेरीने मांगवाडा आधीच पिचलेला असतो. फकिरा हाती लागत नाही म्हणून सरकार त्याच्या आप्तांनाच कैद करते. त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतः हजर होतो.

वाटेगावच्या बोलीतले संवाद, वेगवान प्रसंग आणि दलित नायकाला दिलेली वीरपुरुषाची उंची ही या कादंबरीची वैशिष्ट्ये. कादंबरीकार वि. स. खांडेकर यांनी तिला प्रस्तावना लिहिली. अर्पणपत्रिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला उद्देशून आहे. 1961 मध्ये तिला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. तिच्यावर चित्रपटही निघाला. सत्तू भोसले या वारणाकाठच्या दुसऱ्या बंडखोरावर साठे यांनी ‘वारणेचा वाघ’ ही कादंबरी लिहिली.