बंद दाराकडे परत

व्हिडिओ गेम हा इतिहासाचा विषय होऊ शकतो, असे म्हटले तर आमच्या पिढीतील अनेकांच्या भुवया उंचावतील. परंतु पन्नासहून अधिक वर्षे टिकलेल्या आणि कथा सांगण्याची स्वतःची रीत घडविलेल्या कलाप्रकाराचा इतिहास लिहिला जाणारच. राऊच्या आमच्या घरी नातवाच्या पाठीमागे बसून जे पाहिले, त्यातील एक रीत मला विशेष वाटली. वाटेत लागलेले बंद दार तसेच सोडून पुढे जायचे आणि अंगी नवे सामर्थ्य आल्यावर त्याच दाराशी परत यायचे.

या रीतीच्या आधी किल्ली होती. 1980 च्या सुमारास वॉरेन रॉबिनेट यांनी अटारी कंपनीसाठी 'अ‍ॅडव्हेंचर' हा खेळ रचला. त्यात काळ्या किल्ल्याला काळी किल्ली, पांढऱ्याला पांढरी. हाती एका वेळी एकच वस्तू धरता येई. किल्ली खाली ठेवली की खेळणारा होता तसाच.

खरे वळण 6 ऑगस्ट 1986 रोजी जपानमध्ये आलेल्या निन्टेंडोच्या 'मेट्रॉइड'ने दिले. आदल्याच वर्षीच्या 'सुपर मारिओ'ने मुलांना उजवीकडे धावायला शिकवले होते. मागे वळण्याची सोयच नव्हती. 'मेट्रॉइड'मध्ये उजवीकडे गेले की एक बुटकी फट आडवी येते. तिच्यातून जायचे तर अंगाचा गोळा करून घरंगळण्याची विद्या हवी, आणि ती ठेवलेली आहे आरंभाच्या डावीकडे! पुढे क्षेपणास्त्राने लाल दारे उघडतात, शत्रूला गोठवून त्याचीच पायरी होते. खेळात नकाशा नव्हता; खेळणारे तो कागदावर काढीत. म्हणजे कोणते दार कोठे बंद राहिले, हे लक्षात ठेवणे हाही खेळाचाच भाग. अमेरिकेत विकलेला हा खेळ अवघ्या 128 किलोबाइटमध्ये बसविलेला होता. इतक्या तुटपुंज्या जागेत तोच बोळ दोनदा उपयोगी आणणे हा काटकसरीचा मार्ग होता, असे मला वाटते.

1994 च्या 'सुपर मेट्रॉइड'ने नकाशा खेळातच दिला. 1997 मध्ये कोनामीच्या 'कॅसलव्हेनिया : सिम्फनी ऑफ द नाइट'मध्ये ड्रॅक्युलाचा मुलगा धुके होऊन जाळीतून पार होतो, वटवाघूळ होऊन उडतो, आणि शेवटी अख्खा वाडा उलटा होऊन पुन्हा फिरावा लागतो. या दोन नावांच्या संधीतून 'मेट्रॉइडव्हेनिया' हा शब्द रूढ झाला. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथील मोजक्या मंडळींनी 2017 मध्ये काढलेला 'हॉलो नाइट' याच परंपरेतला.

हिंदी मुलखात वाढलेल्या आम्हा मराठी माणसांना येथे देवकीनंदन खत्रींचा तिलिस्म आठवणारच. 'चंद्रकांता' 1888 ची. तिची दूरदर्शन मालिका 1994 ची, म्हणजे 'सुपर मेट्रॉइड'च्याच वर्षाची. पण साम्य वरवरचे आहे. तिलिस्म तोडण्याचा मान आधीच कोणाच्या तरी नावावर लिहिलेला असतो. जपानी खेळात दारावर कोणाचेच नाव नाही. जो शिकून येईल त्याला ते उघडते. लोकशाहीत नोकरी केलेल्या माणसाला हा दुसरा प्रकार अधिक पटतो. (आमच्या दप्तरी फाइली पुन्हा पुन्हा परत येत, मात्र त्या पाहणारा अधिकारी होता तसाच असे!)

मराठी मुलखाने या क्षेत्रात काय केले? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' 2020 मध्ये आला. भावाला सोडवायला निघालेली मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडची कथा, बाहुल्यांच्या खेळासारखी मधली दृश्ये, असा तो देखणा खेळ. राजीला त्रिशूळ मिळतो, धनुष्य मिळते; सामर्थ्य वाढत जाते. मात्र तिची वाट पुढेच जाते. नवे शस्त्र घेऊन मागच्या एखाद्या बंद देवडीशी जावे, असे तिला खेळ सांगत नाही. आपल्या लेण्यांची, भुयारांची आणि चोरवाटांच्या गडांची भूमी अशा खेळाला किती सोयीची! तो पुण्यात व्हावा किंवा इंदुरात. नातवाला कोठलाही चालेल, फक्त नकाशा कागदावर काढायची मुभा असावी, अशी माझी एक जादा अट आहे.