जित्यापुढच्या मुलखातील बहुवारिके

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जिते, हमरापूर आणि पेण ही स्थानके मागे टाकली, की रोहे तालुक्यात नागोठण्याचा तो कारखाना लागतो, जेथे मुंबई हायच्या वायूतून वेगळ्या काढलेल्या इथेन-प्रोपेनपासून प्लास्टिक घडविले जाते. भातखाचरांच्या या मुलखात तो उभारला इंडियन पेट्रोकेमिकल्स या सरकारी कंपनीने. आणि त्याच कंपनीच्या बडोद्याच्या संशोधनविभागात दीर्घकाळ सेवा करून डॉ. स्वामिनाथन शिवराम १९८८ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बहुवारिक (पॉलिमर) रसायनशास्त्राचे विभागप्रमुख म्हणून रुजू झाले.

आखूड साखळ्यांचे पॉलिकार्बोनेट आधी स्फटिकरूप करावयाचे, मग वितळबिंदूच्या खालीच तापवून घन अवस्थेतच त्या साखळ्या एकमेकींना जोडून लांबवावयाच्या, या विषयावर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकसारख्या बलाढ्य कंपनीने आस्थेने स्वीकारले. परदेशी तंत्रज्ञानाची आयात हीच जेथे वहिवाट होती, तेथे ज्ञानाची निर्यात घडली. २००२ ते २०१० ते प्रयोगशाळेचे संचालक होते, आणि २००६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

संशोधकाची थोरवी केवळ निबंधांच्या संख्येवर मोजू नये. कारखान्याचा प्रश्न प्रयोगशाळेत नेणारी आणि तेथील उत्तर जगाच्या बाजारात मान्य करविणारी परंपरा त्याने निर्माण केली काय, हीच तिची खरी कसोटी होय, आणि तीस शिवराम निःसंशय उतरले आहेत.